अल्डिहाइड आणि प्लाझ्मॅलोजेन : रंग आला, पण कुणाचा?

मागच्या दोन व्याख्यानांत आपण अल्कोहोल, ईथर आणि ईस्टर या तिघांची ओळख करून घेतली. त्यानंतर आलेल्या प्रश्नांपैकी एक प्रश्न आम्ही मुद्दाम बाजूला ठेवला होता, कारण त्याचं उत्तर दोन ओळींत देण्यासारखं नव्हतं. प्रश्न असा होता : "जीवरसायनाच्या पुस्तकात प्लाझ्मॅलोजेनबद्दल लिहिलंय की त्यावर आम्ल टाकलं की अल्डिहाइड मिळतं. मग प्लाझ्मॅलोजेन हे अल्डिहाइडच का म्हणायचं नाही?"

वरवर पाहता हा नुसता नावांचा घोळ वाटतो. पण याच प्रश्नात चांगले कसलेले रसायनशास्त्रज्ञ तीस वर्षांहून अधिक काळ अडकून पडले होते. आणि आजही एखाद्या तान्ह्या बाळाच्या रक्ताचा अहवाल हातात येतो तेव्हा हा फरक माहीत नसेल, तर वाईट बातमी चांगली वाटू शकते. ते कसं, ते शेवटाकडे बघू. आधी पाया पक्का करू या.

अल्डिहाइड : एक टोक, फार चपळ

दहावीच्या पुस्तकातला क्रियात्मक गट आठवा. एका कार्बनला ऑक्सिजन दुहेरी बंधाने जोडलेला, आणि त्याच कार्बनवर निदान एक हायड्रोजन. एवढं असलं की ते अल्डिहाइड. कार्बनच्या साखळीत हा गट नेहमी टोकाला असतो, कारण एक हात हायड्रोजनने अडवलेला असतो.

नाव कुठून आलं? जर्मनीतल्या गीसेन या गावी युस्टुस फॉन लीबिग प्राध्यापक होता. त्याने १८३५ मध्ये 'अल्कोहोल डिहायड्रोजेनाटस' या लॅटिन शब्दांचे तुकडे जोडून 'अल्डिहाइड' हा शब्द बनवला. अर्थ सरळ आहे : ज्यातून हायड्रोजन काढून घेतला आहे असं अल्कोहोल. गीसेनचं नाव लक्षात ठेवा, तिथे आपल्याला परत जायचंय.

अल्डिहाइडची ओळख आपल्या नाकाला फार जुनी आहे. गवती चहाचा वास मुख्यतः सिट्रल नावाच्या अल्डिहाइडचा. दालचिनीचा सिनॅमल्डिहाइडचा, जिऱ्याचा क्युमिनल्डिहाइडचा. तेल जुनं होऊन खवट झालं की जो वास येतो त्यात हेक्झॅनल हे अल्डिहाइड असतं. आणि कॉलेजात बेडकाच्या बरणीतून डोळ्यांना झोंबणारं फॉर्मलिन म्हणजे सगळ्यांत लहान अल्डिहाइडचं पाण्यातलं द्रावण.

हे टोक इतकं चपळ का? दुहेरी बंधातले इलेक्ट्रॉन ऑक्सिजन स्वतःकडे ओढतो, त्यामुळे कार्बन जरासा धनभारित, म्हणू या 'भुकेला', राहतो. ज्याच्याकडे इलेक्ट्रॉनची जोडी मोकळी आहे असा कुणीही त्याच्यावर येऊन बसतो. प्रथिनांमधले अमाइन गट तर लगेच. फॉर्मलिनमध्ये ऊतक टिकतं ते याच कारणाने, आणि पेशीत मोकळं अल्डिहाइड साठू देणं परवडत नाही तेही याच कारणाने.

हे टोक ओळखायला एक सुंदर चाचणी आहे. इटलीत काम करणारा जर्मन रसायनशास्त्रज्ञ ह्यूगो शिफ याने ती १८६० च्या दशकात दिली. फुक्सिन हा गडद लालसर रंग सल्फर डायऑक्साइडने रंगहीन करून ठेवायचा. त्यात अल्डिहाइड आलं की द्रावण किरमिजी होतं, साडीच्या दुकानात ज्याला राणी कलर म्हणतात तसं. आजची सगळी गोष्ट या रंगाभोवती फिरते.

गीसेन, १९२४

आता परत गीसेन. लीबिगनंतर साधारण नव्वद वर्षांनी तिथल्याच विद्यापीठात रॉबर्ट फॉइल्गेन पेशीतल्या केंद्रकावर काम करत होता. बी.एस्सी.ला असताना कांद्याच्या मुळाचं टोक एक नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात साठ अंशांवर ठेवून मग शिफच्या द्रावणात घातल्याचं काहींना आठवत असेल. ती फॉइल्गेनचीच पद्धत. त्याने ती रोसेनबेक या सहकाऱ्याबरोबर १९२४ मध्ये प्रसिद्ध केली. सौम्य आम्लाने डीएनएमधले ॲडेनिन आणि ग्वानिन गळून पडतात, मागे राहिलेल्या शर्करेचं टोक अल्डिहाइड म्हणून उघडं पडतं, आणि केंद्रक किरमिजी होतं.

इथे एक गोष्ट ठळकपणे लिहून ठेवा. डीएनएमध्ये अल्डिहाइड मोकळं नव्हतं, आम्लाने ते उघडं केलं. फॉइल्गेनला हे नीट माहीत होतं. म्हणूनच आम्ल न वापरलेला नमुना शेजारी ठेवून तुलना करायची, ही त्या पद्धतीतली पहिली शिस्त.

त्याच वर्षी फॉइल्गेन आणि फॉइट यांना काही वेगळंच दिसलं. ऊतकाच्या कापांवर आम्लाची किंवा मर्क्युरिक क्लोराइडची प्रक्रिया झाली होती, आणि रंग फक्त केंद्रकाला नाही तर आजूबाजूच्या पेशीद्रव्यालाही आला. पेशीद्रव्यात तर डीएनए नाही. मग हे अल्डिहाइड कुठून आलं?

त्यांनी त्या अल्डिहाइडला नाव दिलं 'प्लाझ्मल' : प्लाझ्मा म्हणजे पेशीतलं द्रव्य, आणि शेवटचा 'अल' अल्डिहाइडचा. ज्या पदार्थापासून ते तयार होत होतं त्याला म्हटलं 'प्लाझ्मॅलोजेन', म्हणजे प्लाझ्मलला जन्म देणारं.

मराठी माणसाला हे नाव समजायला खरं तर सोपं जायला हवं. हायड्रोजनला आपल्याकडे जुन्या पुस्तकांत 'उदजन' म्हणत. उद म्हणजे पाणी, त्याचा जनक तो उदजन. आता उदजन म्हणजे पाणी, असं कुणी म्हणेल का? तसंच प्लाझ्मॅलोजेन म्हणजे प्लाझ्मल नव्हे. आज विचारलेल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर नावातच दडलेलं आहे.

मग प्लाझ्मॅलोजेन आहे तरी काय?

आता रचना. वहीत काढत चला.

तीन कार्बनचा एक कणा काढा, हा ग्लिसरॉल. त्याच्या तिसऱ्या कार्बनवर फॉस्फेट, आणि त्याला जोडलेला इथॅनॉलअमाइन किंवा कोलीन. दुसऱ्या कार्बनवर एक मेदाम्ल, ईस्टर बंधाने जोडलेलं. हे बहुतेक वेळा ॲराकिडोनिक किंवा डीएचएसारखं, अनेक दुहेरी बंध असलेलं. इथपर्यंत हा नेहमीचा फॉस्फोलिपिड आहे. प्रद्रव्यपटलात असे कोट्यवधी रेणू शेजारी शेजारी उभे असतात.

फरक पहिल्या कार्बनवर. नेहमीच्या फॉस्फोलिपिडमध्ये तिथेही ईस्टरच असतं. प्लाझ्मॅलोजेनमध्ये तिथे ईथर असतं. म्हणजे एक ऑक्सिजन, एका बाजूला ग्लिसरॉल, दुसऱ्या बाजूला सोळा किंवा अठरा कार्बनची लांब साखळी. आणि त्या साखळीच्या अगदी सुरुवातीलाच, ऑक्सिजनला लागून असलेल्या कार्बनपासून पुढच्या कार्बनपर्यंत, एक दुहेरी बंध, तोही सिस रचनेचा. अशा ईथरला व्हिनाइल ईथर म्हणतात.

आता दोन्ही चित्रं शेजारी ठेवा. अल्डिहाइडमध्ये दुहेरी बंध कार्बन आणि ऑक्सिजन यांच्यात आहे. प्लाझ्मॅलोजेनमध्ये तो कार्बन आणि कार्बन यांच्यात आहे, ऑक्सिजनचे दोन्ही बंध एकेरी आहेत. अल्डिहाइडमधला ऑक्सिजन एकाच कार्बनला धरून आहे, प्लाझ्मॅलोजेनमधला दोन कार्बनच्या मध्ये पुलासारखा उभा आहे. अल्डिहाइडला मोकळं टोक आहे, प्लाझ्मॅलोजेनला त्या जागी टोकच नाही. आज यातलं एकच वाक्य घरी न्यायचं असेल तर हे न्या : दुहेरी बंध कुणाकुणामध्ये आहे ते बघा.

नातं मात्र जवळचं आहे, ते नाकारायचं नाही. अल्डिहाइड अधूनमधून, अगदी अल्प प्रमाणात, ईनॉल नावाचं रूप घेतं. त्यात दुहेरी बंध कार्बन-कार्बनमध्ये सरकतो आणि ऑक्सिजनवर हायड्रोजन येऊन बसतो. हा हायड्रोजन काढून त्याच्या जागी ग्लिसरॉल बसवला असं कल्पा. रूप परत फिरवायचा रस्ता बंद झाला. कागदावर बघितलं तर प्लाझ्मॅलोजेन म्हणजे असं कुलूप घातलेलं ईनॉल.

आम्ल नेमकं काय करतं?

किल्ली म्हणजे आम्ल. पावलं सावकाश बघू. ऑक्सिजनला लागून असलेल्या साखळीतल्या कार्बनला 'पहिला' म्हणू आणि त्याच्या पुढच्याला 'दुसरा'.

ऑक्सिजन आपली मोकळी इलेक्ट्रॉनची जोडी दुहेरी बंधाच्या दिशेने ढकलतो. त्यामुळे दुसऱ्या कार्बनवर इलेक्ट्रॉनची गर्दी होते आणि आम्लातला प्रोटॉन तिथे येऊन चिकटतो. दुहेरी बंध मोडला, पहिला कार्बन भुकेला झाला. आता पाण्याचा रेणू येऊन पहिल्या कार्बनला जोडला जातो. या क्षणी पहिल्या कार्बनवर दोन ऑक्सिजन आहेत : एक पाण्यातून आलेला आणि एक जुना, ग्लिसरॉलकडचा. ही अवस्था, हेमीॲसिटल, टिकत नाही. ग्लिसरॉल आपला ऑक्सिजन घेऊन निघून जातो. मागे राहतो पहिला कार्बन आणि पाण्यातून आलेला ऑक्सिजन, दुहेरी बंधाने जोडलेले. झालं अल्डिहाइड.

हिशोब असा : प्लाझ्मॅलोजेन अधिक पाण्याचा एक रेणू, बरोबर लांब साखळीचं अल्डिहाइड अधिक एक साखळी गमावलेला फॉस्फोलिपिड.

आता एक प्रश्न आम्ही तुम्हाला विचारतो. या अल्डिहाइडमधला ऑक्सिजन कुणाचा? प्लाझ्मॅलोजेनचा नाही! तो ग्लिसरॉलबरोबर गेला. अल्डिहाइडचा ऑक्सिजन पाण्यातून आला. म्हणजे ज्या अणूमुळे आपण त्याला अल्डिहाइड म्हणतो, तो मूळ साखळीत नव्हताच. मग 'प्लाझ्मॅलोजेनमध्ये अल्डिहाइड असतं' हे वाक्य किती ढिलं आहे ते लक्षात येईल. दुधात लिंबू पिळलं की ते फाटतं, चोथा आणि पाणी वेगळं होतं. पण म्हणून दुधात आधीपासून पनीरचे गोळे पोहत होते असं आपण म्हणत नाही.

स्फटिक मिळाले, तरी चूक

मग तीस वर्षं कशात गेली?

१९३९ मध्ये फॉइल्गेन आणि बेर्सिन यांनी या पदार्थापासून शुद्ध स्फटिक मिळवले. रसायनशास्त्रात स्फटिक मिळाले की अर्धी लढाई जिंकली, असं मानायची पद्धत होती. त्या स्फटिकांच्या विश्लेषणावरून रचना निघाली ती ॲसिटलची : अल्डिहाइडचा कार्बन ग्लिसरॉलच्या दोन ऑक्सिजनमध्ये अडकून एक कडं तयार झालेलं. नाव पडलं 'ॲसिटल फॉस्फॅटाइड', आणि ते पुस्तकांत रुळलं.

विश्लेषण बरोबर होतं. स्फटिकांची रचना खरोखर तीच होती. पण ते स्फटिक पेशीतला पदार्थ नव्हतेच.

काय झालं होतं? शुद्धीकरणात अल्कलीचा वापर झाला होता. अल्कलीने ईस्टर तुटतं, म्हणजे ग्लिसरॉलच्या दुसऱ्या कार्बनवरचं मेदाम्ल सुटून गेलं आणि तिथे हायड्रॉक्सिल गट मोकळा झाला. पुढे आम्लाचा स्पर्श झाल्यावर पहिला कार्बन नेहमीप्रमाणे भुकेला झाला. पण पाणी येण्याआधी शेजारचाच हायड्रॉक्सिल त्याच्यावर जाऊन बसला. कडं पूर्ण झालं. ॲसिटल फ्लास्कमध्ये जन्माला आलं.

हा गुंता १९५० च्या दशकात सुटत गेला. जर्मनीत क्लेंक आणि डेबूख यांनी मोजलं, तर प्रत्येक अल्डिहाइडमागे एक मेदाम्लही निघत होतं. ॲसिटल असेल तर ग्लिसरॉलच्या दोन जागा अल्डिहाइडनेच अडवल्या, तिसरी फॉस्फेटने. मग मेदाम्ल बसलं होतं कुठे? नुसत्या बेरजेने जुनी रचना डळमळली. अमेरिकेत मॉरिस रॅपोर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५७ मध्ये व्हिनाइल ईथरची रचना मांडली. सेरोटोनिन हा पदार्थ वेगळा करणाऱ्यांपैकी हेच ते रॅपोर्ट. मूळ पदार्थाला उत्प्रेरकाच्या मदतीने हायड्रोजन जोडला, की नंतर कितीही आम्ल टाका, अल्डिहाइड येत नाही. ॲसिटलला हायड्रोजनने काही फरक पडला नसता. फरक पडला, याचा अर्थ तिथे कार्बन-कार्बन दुहेरी बंध होता.

तर मंडळी, हातात आलेला पदार्थ खरा असू शकतो आणि तरीही तो आपणच बनवलेला असू शकतो. इथे ज्याने त्याने विचारायचा प्रश्न एकच : आम्ल घालण्याआधी हे होतं का?

पेशी कोणत्या वाटेने जाते?

प्लाझ्मॅलोजेन फुटलं की अल्डिहाइड मिळतं, म्हणजे पेशी ते अल्डिहाइडपासूनच बनवत असेल, असा अंदाज कुणीही बांधेल. तोही चुकतो.

पेशीतल्या पेरॉक्सिसोम नावाच्या छोट्या अंगकांत काम सुरू होतं. कण्यावर आधी एक मेदाम्ल बसवलं जातं. मग दुसरं विकर ते मेदाम्ल काढून त्या जागी लांब साखळीचं अल्कोहोल बसवतं. ईथर बंध तयार झाला तो इथे, अल्कोहोलपासून. पुढचं काम आंतर्द्रव्यजालिकेत. तिथे बाकीचे गट जोडले जातात आणि अगदी शेवटी एक विकर साखळीच्या सुरुवातीचे दोन हायड्रोजन काढून घेऊन दुहेरी बंध तयार करतं.

हे शेवटचं विकर कोणत्या जनुकातून येतं, हे कितीतरी दशकं कळत नव्हतं. ते २०१९ मध्ये कळलं, तेही भलत्याच दारातून. स्पेनमधले संशोधक मिक्सोकोकस झँथस हा मातीतला जीवाणू उजेडाला कसा प्रतिसाद देतो याचा अभ्यास करत होते. त्या प्रतिसादाला लागणारं एक प्रथिन हेच काम करत होतं, आणि माणसातलं त्याचं भावंड तेच ते हरवलेलं विकर निघालं.

शरीराला याची गरज किती? माणसाच्या एकूण फॉस्फोलिपिडांपैकी साधारण १५ ते २० टक्के प्लाझ्मॅलोजेन असतं. मेंदूत, विशेषतः मज्जातंतूंवरच्या मायलिनच्या वेष्टनात, आणि हृदयात ते भरपूर. यकृतात कमी. वनस्पती आणि बुरशी यांच्यात ते आढळत नाही. म्हणजे कांद्याच्या मुळात जो किरमिजी रंग दिसला तो केंद्रकाचाच, तिथे हा गोंधळ व्हायला वाव नव्हता.

दोन आजार, दोन दिशा

आता सुरुवातीला म्हटलेल्या बाळाकडे येऊ. फरक कागदावरचा नाही, हे दोन आजार शेजारी ठेवले की कळतं. दोन्ही दुर्मिळ, दोन्ही आनुवंशिक.

पहिल्याचं नाव ऱ्हायझोमेलिक कॉन्ड्रोडिस्प्लेझिया पंक्टाटा. पेरॉक्सिसोममधली जी पावलं आपण आत्ता पाहिली, त्यांतलं एखादं विकर नसतं किंवा ते पेरॉक्सिसोमच्या आत पोचतच नाही. प्लाझ्मॅलोजेन तयार होत नाही. दंडाची आणि मांडीची हाडं आखूड राहतात, डोळ्यांत मोतीबिंदू असतो, क्ष-किरण चित्रात कूर्चेवर कॅल्शियमचे ठिपके दिसतात, वाढ फार मागे पडते.

दुसऱ्याचं नाव सोग्रेन-लार्सन सिंड्रोम. त्याचं वर्णन स्वीडनमध्ये १९५७ मध्ये झालं. इथे प्लाझ्मॅलोजेन बनवण्याचं काम ठीक असतं. बिघाड असतो तो लांब साखळीच्या अल्डिहाइडचं आम्लात रूपांतर करणाऱ्या विकरात. ही अल्डिहाइड्स पेशीत अनेक वाटांनी तयार होतात, प्लाझ्मॅलोजेन फुटणं ही त्यांतली एक. त्यांची विल्हेवाट लागली नाही की ती साठतात. त्वचा कोरडी, खवल्यांसारखी होते, पाय ताठ होतात, बौद्धिक वाढ खुंटते.

एका आजारात प्लाझ्मॅलोजेन नाही म्हणून त्रास, दुसऱ्यात अल्डिहाइड जात नाही म्हणून त्रास. दोन्ही पदार्थ एकच असते तर हे दोन आजार एकमेकांच्या उलट निघाले असते. तसं नाही. ते दोन वेगळ्या दुरुस्त्या मागणारे वेगळे बिघाड आहेत.

आता चाचणी. पहिल्या आजाराचा संशय असेल तर तांबड्या रक्तपेशींमधलं प्लाझ्मॅलोजेन मोजतात. एक रुळलेली पद्धत अशी : नमुना आम्ल आणि मिथेनॉल यांच्यात तापवायचा. प्रोटॉन येतो, पहिला कार्बन भुकेला होतो, आणि या वेळी पाण्याऐवजी मिथेनॉल येऊन बसतं, एक नाही तर दोन. जे बनतं त्याला डायमिथाइल ॲसिटल म्हणतात. त्याच भांड्यात मेदाम्लांचे मिथाइल ईस्टर होतात. मग वायू वर्णलेखनाने दोन्ही वेगळे करून त्यांचं प्रमाण काढतात.

समजा अहवालात लिहून आलं : 'डायमिथाइल ॲसिटल अत्यंत कमी.' घरातल्या कुणी शोधून काढलं की हा पदार्थ अल्डिहाइडपासून बनतो. अल्डिहाइड तर घातक, असं सगळीकडे वाचलेलं. मग 'कमी आहे, म्हणजे बरंच झालं की!' असं वाटणं अगदी साहजिक आहे. आणि ते पूर्ण उलटं आहे. तो आकडा रक्तातल्या अल्डिहाइडचा नाहीच, तो प्लाझ्मॅलोजेनचा आहे. तो अत्यंत कमी असणं हीच काळजीची गोष्ट. चाचणीने अल्डिहाइडचं भावंड मोजलं, कारण ते मोजायला सोपं. पण प्रश्न प्लाझ्मॅलोजेनचा होता. असा अहवाल हातात आला तर आकड्याचा अर्थ आनुवंशिक आजारांच्या तज्ज्ञांकडूनच समजून घ्यावा, आणि 'हा आकडा नेमका कशाचा?' असं विचारायला लाजू नये.

आता गोळा करून बघा. रेणू एकच, पहिला कार्बन तोच. पाणी आलं तर अल्डिहाइड. शेजारचा हायड्रॉक्सिल आला तर कड्याचं ॲसिटल. मिथेनॉल आलं तर डायमिथाइल ॲसिटल. तिन्ही खरे पदार्थ, आणि तिन्ही मूळ प्लाझ्मॅलोजेन नव्हेत.

श्रोत्यांचे प्रश्न

प्रश्न : अनोळखी नमुन्यात ईस्टर आहे, साधं ईथर आहे की व्हिनाइल ईथर, हे कसं ओळखायचं?

उत्तर : तिघांचे स्वभाव वेगळे आहेत. अल्कलीने ईस्टर तुटतं, दोन्ही ईथर शाबूत राहतात. सौम्य आम्लाने व्हिनाइल ईथर तुटतं, साधं ईथर हलतही नाही. शिवाय व्हिनाइल ईथरचा दुहेरी बंध आयोडीन पटकन शोषतो, त्यावरून मोजणीही करता येते. आणि शिफची चाचणी करणार असाल तर दोन नळ्या ठेवा, एक आम्लाशिवाय, एक आम्लानंतर. पहिलीत रंग आला तर अल्डिहाइड आधीच होतं. फक्त दुसरीत आला तर ते आम्लाने जन्माला घातलं.

प्रश्न : शरीरात तर असं तीव्र आम्ल नसतं. मग तिथे प्लाझ्मॅलोजेनपासून अल्डिहाइड होतं का?

उत्तर : होतं, इतर वाटांनी. तो दुहेरी बंध ऑक्सिडीकरणाला फार लवकर बळी पडतो. उदाहरणार्थ, पांढऱ्या रक्तपेशी जंतू मारण्यासाठी हायपोक्लोरस आम्ल तयार करतात. ते या बंधावर पडलं तर क्लोरीन लागलेलं लांब साखळीचं अल्डिहाइड सुटतं. प्लाझ्मॅलोजेन स्वतः मोडून शेजारच्या नाजूक मेदाम्लांना वाचवतं, असंही काही संशोधक मानतात. पण मोडल्यावर अल्डिहाइड, मोडण्याआधी ईथर, हा नियम तिथेही तोच.

प्रश्न : स्मरणशक्तीसाठी प्लाझ्मॅलोजेनच्या कॅप्सूल विकतात. घ्याव्यात का?

उत्तर : औषध सांगणं हे आमचं काम नाही, पण माहिती देऊ शकतो. अल्झायमर झालेल्यांच्या मेंदूत प्लाझ्मॅलोजेन कमी आढळलं आहे, हे खरं. कमी होणं हे कारण की परिणाम, हे त्यावरून ठरत नाही. जपानमध्ये स्कॅलॉप या शिंपल्यांपासून काढलेलं प्लाझ्मॅलोजेन देऊन केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले. मुख्य निकषावर औषध घेणारा गट आणि न घेणारा गट यांच्यात लक्षणीय फरक दिसला नाही. आणि शाकाहारी मंडळींनी घाबरायचं कारण नाही, निरोगी शरीर स्वतःचं प्लाझ्मॅलोजेन स्वतः बनवतं.

प्रश्न : मग फॉइल्गेन चुकला म्हणायचं का?

उत्तर : रचनेत चुकला. नावात नाही. १९२४ मध्ये त्याला फक्त रंग दिसत होता, रेणू दिसत नव्हता. तरी त्याने त्या पदार्थाला अल्डिहाइड म्हटलं नाही, 'अल्डिहाइडला जन्म देणारं' म्हटलं. जेवढं दिसलं तेवढंच नावात ठेवलं. म्हणून रचना बदलली तरी नाव आजही टिकून आहे.

पुढच्या व्याख्यानात आपण ॲसिटल आणि हेमीॲसिटल यांच्याकडे वळू. ग्लुकोजचं कडं का बनतं आणि तरीही बेनेडिक्टच्या चाचणीत ते अल्डिहाइडसारखं का वागतं, हा विषय घेऊ. तोवर वहीतली आजची दोन चित्रं पुन्हा एकदा काढून बघा, आणि दुहेरी बंध कुठे आहे तिथे बोट ठेवा.